पाच ट्रेचं मशीन

सकाळचे अकरा वाजत आले की सत्यभामाच्या कपाळाला आठ्या पडायला लागायच्या. त्या सुमाराला बाबासो मार्केटातून परत यायचे, आणि बाबासो कधी नुसते यायचे नाहीत. खांद्याला पिशवी असायचीच. आज पिशवीतून काय निघेल ते देवालाच ठाऊक. कधी दुधी, कधी पिकून पिवळ्या पडलेल्या काकड्या, कधी मेथीच्या जुड्या, आणि भाव पडलेला असला की टोमॅटो, टोमॅटो आणि परत टोमॅटो. घरात माणसं दोन. त्यातल्या एकाला टोमॅटो खाल्ला की छातीत जळजळतं, आणि तो एक म्हणजे पिशवी आणणाराच.

"फुकट दिलं गं. टाकूनच देणार हुते," बाबासो म्हणायचे.

"मग टाकू द्यायचं की. ते कचऱ्यात टाकणार, तुमी माझ्या ओट्यावर टाकता. फरक काय पडला?"

बाबासो पिशवी ठेवायचे, कंबरेवर हात दाबून खिडकीशी उभे राहायचे. सत्यभामा पिशवीकडे बघायची नाही, कंबरेवरच्या त्या हाताकडे बघायची, आणि तिचं डोकं आणखी फिरायचं.

बाबासो म्हणजे माथाडी माणूस. मिसरूड फुटायच्या आत खटाव तालुक्यातून मुंबईला आले, भाजीचा बाजार भायखळ्याला होता तेव्हा टोळीत लागले, आणि बाजार वाशीला आला तसे त्याच्या मागोमाग इकडं आले. सगळा जन्म पाठीवर माल वाहण्यात गेला. पोतं एकदा पाठीवर घेतलं की मध्ये कुठं टेकवायचं नाही, ही त्यांची ऐट. तळवलीतल्या या बिल्डिंगला लिफ्ट नाही. गॅसची टाकी तिसऱ्या मजल्यावर तेच आणायचे, कधी कुरकुर म्हणून नाही. त्यांचा मुलगा रणजीत लग्नानंतर खारघरला नव्या फ्लॅटमध्ये गेला, तेव्हा सामान हलवायला कंपनीची माणसं आली होती. बाबासोंनी त्यांना कपाट कसं धरायचं ते शिकवायला घेतलं आणि शेवटी चिडून स्वतःच धरलं. कंपनीची माणसं तोवर चहा प्याली.

असा माणूस रिटायर झाला आणि खाटेवर बसला. बसला तो बसलाच. टीव्ही लावला तर टीव्हीकडे बघणार, बंद केला तरी टीव्हीकडेच बघणार. जेवायला वाढलं तर अर्धी भाकरी मोडून ताट सरकवणार. बोलणं म्हणजे हं आणि न्हाई. गळ्याची हाडं दिसायला लागली, सदरे अंगावर लोंबायला लागले. घरात बसून माणूस वाळत चाललाय आणि आपण नुसतं बघतोय, असं सत्यभामाला वाटायचं. मग एका सकाळी बाबासो काही न सांगता उठले, बस पकडून मार्केटला गेले, आणि येताना पिशवीभर लिंबं घेऊन आले. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मानसिंग काय म्हणाला, कुठल्या गाळ्यावर भांडणं झाली, सगळं सांगत बसले. मानसिंग म्हणजे त्यांच्या टोळीचा आताचा मुकादम. सत्यभामानं त्या लिंबांचं तोंड भरून कौतुक केलं. तिथंच तिचं चुकलं.

कारण तेव्हापासून पिशवी सुरू झाली, आणि पावसाळा संपता संपता कंबर धरली. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरून दाखवला. मणक्यातली चकती सरकून नस दाबतेय म्हणाले. वजन उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. पुन्हा झटका बसला तर पाय जाईल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. बाबासोंनी मान हलवली, आणि चार दिवसांनी खांद्यावरून कोबी आणला.

आता काय करायचं सांगा. मार्केटला जाऊ नका म्हणावं तर माणूस खाटेवर वाळणार. जा म्हणावं तर पाठ मोडून घेणार. कुठूनही धरा, नवरा सत्यभामाच्याच हातून जाणार होता. आड आणि विहीर ही म्हण तिनं आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती, आता स्वतः मध्ये उभी होती.

असं सगळं चाललेलं असताना त्या मशीनचा विषय निघाला.

रविवारी दोघं खारघरला गेले होते. बाबासोंनी तिथंही टोमॅटो नेलेच होते. ते बघून सून उत्कर्षा म्हणाली, "बाबा, यावर एक उपाय आहे." आणि मोबाइल पुढं केला. फूड डिहायड्रेटर. फळं, भाज्या, काय वाटेल ते आत ठेवायचं, बटण दाबायचं, वाळून बाहेर. मग डबे भरून ठेवा वर्षभर. सेल चालू होता, अगदी स्वस्तात मिळत होता.

बाबासोंनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. पांढरं गोल मशीन, थरावर थर. शेजारी ना माणसाचा हात, ना साधा पेला. पण बाबासोंचा चेहरा असा उजळला की सत्यभामाला धडकीच भरली.

"थप्पी चांगली लावलीया," ते म्हणाले.

"वाळवायला मशीन कशाला?" सत्यभामा म्हणाली. "ऊन काय कुणी बंद केलंय?"

पण हे म्हणताना तिलाही माहीत होतं की ऊन असून उपयोग नाही. गच्चीची किल्ली घरमालकाकडे. मागून आणली तर वर कबुतरांचं राज्य. गेल्या उन्हाळ्यात सांडगे घातले होते, ते राखत बसायचं तर छत्री घेऊन बसावं लागलं, आणि ठाणे-बेलापूर रोडची धूळ बसून सांडग्यांना जो रंग आला तो बघून तिनं ते गुपचूप टाकून दिले होते. बाबासोंना सांगितलं होतं, संपले.

त्यानंतर त्या मशीननं घरात शिरायच्या आधीच घर डोक्यावर घेतलं. रोज संध्याकाळी रणजीतचा फोन. "आई, काय ठरलं? सेल संपेल." जसं काही सत्यभामानं सेल लावला होता. उत्कर्षा लोकांचे अभिप्राय वाचून दाखवायची. एकजण म्हणे मशीन फर्स्ट क्लास आहे. दुसरी म्हणे प्लॅस्टिकचा वास येतो. तिसऱ्यानं एकच तारा दिला होता, का तर पार्सल घेऊन आलेल्या माणसानं बेल वाजवली नाही. एकीनं वाळलेल्या केळ्यांचा फोटो टाकला होता. सत्यभामाला वाटलं चपलेचा तळवा आहे. आणि एकानं लिहिलं होतं की अजून उघडलं नाही, पण खोका सुंदर आहे.

"अगं, हे वाचून ठरवायचं कसं?" सत्यभामा वैतागून म्हणाली.

"आई, ॲव्हरेज काढायचं," उत्कर्षा म्हणाली.

समोरच्या खोलीतल्या केशरबाईंचा सल्ला तर न मागता आला. त्यांच्या नणंदेनं असलंच मशीन घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात सफरचंद वाळवली, दुसऱ्या आठवड्यात कढीपत्ता वाळवला, आता त्या मशीनच्या चाळण्यांवर नणंद बांगड्या ठेवते. "घ्या, घ्या," केशरबाई म्हणाल्या, "माळ्यावर चपाती मेकर एकटाच पडलाय, त्याला सोबत होईल." चपाती मेकर रणजीतनंच दिवाळीला दिला होता. त्यातून पापड व्हायचे, चपात्या नाही.

सत्यभामाचा स्वतःचा मुद्दा साधा होता. मशीन वाळवणार, कबूल. पण चिरणार कोण? टोमॅटोच्या पातळ चकत्या, बिया न सांडता, एकसारख्या. हे तिनं विचारलं की फोनवर रणजीत परत सेलवर यायचा. बाबासो म्हणायचे, "मी चिरीन." बाबासोंनी एकदा कांदा चिरला होता. त्या कांद्याचे चार भाग झाले आणि बोटाचे दोन.

"नको ते मशीन," सत्यभामानं शेवटी सांगून टाकलं. "मशीन आलं म्हंजी तुमी आणखीन आणनार. आत्ता पिशवी आनताय, मग पोतं आनाल. डॉक्टर काय म्हणला ते कानातनं गेलं का डोक्यातनं?"

"मी काय उचलतोय का? पिशवी तर हाय."

"पिशवीला वजन नसतं व्हय?"

विषय तिथं मिटला असता. मिटवलाच होता तिनं. पण एक दिवस अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले, तरी बाबासोंचा पत्ता नाही. ती जिन्यात डोकावली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथं सगळ्या बिल्डिंगचे लाइटचे मीटर आहेत, तिथं बाबासो भिंतीकडे तोंड करून उभे होते. एक हात कठड्याला घट्ट. पिशवी पायाशी. कपाळावरून घाम ओघळतोय.

"काय करताय तिथं?"

"मीटर बघतोय. कुनाचा किती पळतोय."

दोन मिनिटं गेली. बाबासो मीटर बघत होते आणि सत्यभामा बाबासोंना बघत होती. त्यांना वळता येत नाहीये हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. पण दुखतंय म्हणून एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ. हमालाला दुखत नाही, हा यांचा नियम. टोळीत कुणी कण्हलं तर दुसऱ्या दिवशी त्याला हलकी गोणी देतात, आणि हलकी गोणी मिळणं म्हणजे चारचौघांत नाक कापणं. तिला इतका संताप आला की ती पिशवी जिन्यावरून खाली भिरकावून द्यावीशी वाटली. तिनं पिशवी उचलली, मुकाट वर नेली, आणि परत येऊन त्यांच्या दंडाला धरलं.

त्या दुपारी ती विचार करत बसली. हा माणूस मार्केटला जायचा थांबणार नाही, आणि थांबला तर जगणार नाही. म्हणजे जाणं सोडवायचं नाही, आणणं बांधून घालायचं. गुरांना दावं घालतात तसं काहीतरी दावं पाहिजे होतं, आणि ते दावं म्हणजे ते मशीन. तिनं बाबासोंना समोर बसवलं.

"मशीन घेऊ. पन एक अट हाय."

"बोल."

"त्या मशीनमदी एका टायमाला जेवडं मावंल, तेवडंच आनायचं. वर एक मिरची सुदीक न्हाई. ते वाळलं की मगच पुढचं. पालीच्या खंडोबाची आन घ्या."

बाबासोंनी आण घेतली, तीही इतकी चटकन की सत्यभामाला शंका यायला हवी होती. पण तिला वाटलं, आपण जिंकलो.

आणि बाबासोंची एक गोष्ट मानायला पाहिजे, माणूस शब्दाचा पक्का. मशीनची ऑर्डर गेली तशी त्यांनी रणजीतला ऑफिसात फोन लावला. रणजीत कसल्याशा मीटिंगमध्ये होता.

"त्यात मावतं किती रं?"

"पाच ट्रे आहेत बाबा."

"पाच? पाचीच्या पाची भरून, एका टायमाला?"

"हो, हो. पाचही भरून. ठेवतो, सर बघतायत."

बाबासोंनी फोन ठेवला आणि भिंतीकडची जागा विती टाकून मोजली. शिलाई मशीन तिथून हलवायला पाहिजे म्हणाले, आणि खालच्या मजल्यावरच्या पोरांना बोलावून हलवून घेतलं. स्वतः हात लावला नाही. सत्यभामाला बरं वाटलं. शहाणपण आलं म्हणायचं.

पार्सल आलं ते शनिवारी सकाळी. बाबासो मार्केटला गेले होते. केशरबाई वास लागल्यासारख्या हजर झाल्या, आणि दोघींनी मिळून खोका उघडला. थर्माकोल काढला, प्लॅस्टिक काढलं, आतून मशीन निघालं. ते बघून केशरबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मोठ्या कुकरएवढं मशीन. वरचं झाकण काढलं की आत पाच ट्रे, एकावर एक. ट्रे म्हणजे भोकं पाडलेली ताटली. एका ताटलीत दोन-तीन टोमॅटोच्या चकत्या बसतील, फार तर चार.

सत्यभामा मात्र खूश झाली. इतके दिवस वैतागलेली बाई, पहिल्यांदा तिच्या जिवाला गार वाटलं. म्हणजे पाच ताटल्या भरायला किलो-दोन किलोत काम भागणार. खंडोबाची आण घेतलेली आहे. आता आणा म्हणावं पिशवी, हातरुमालात बांधून आणलं तरी चालेल. तिनं ताटल्या धुवायला घेतल्या.

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग सारखाच. मग बाबासोंची हाक.

गॅलरीतून खाली बघितलं तर बिल्डिंगच्या दारात टेम्पो, आणि टेम्पोतला माणूस प्लॅस्टिकचे लाल क्रेट उतरवून भिंतीला लावत होता. भाव पडलेल्या टोमॅटोनं काठोकाठ भरलेले, एकेक क्रेट वीस-बावीस किलोचा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच उतरवून त्यानं टेम्पो सुरू केला, मागं रिक्षावाले बोंबलत होते, आणि गेला निघून.

सत्यभामाच्या हातातली ताटली तशीच राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टोमॅटोच्या क्रेटला मार्केटात कुणी कॅरेट म्हणतं, कुणी जाळी म्हणतं. बाबासोंची टोळी ट्रे म्हणायची. रणजीतनं सांगितलं, पाच ट्रे. बाबासोंनी पाच ट्रे आणले. वर एक मिरची नाही. खंडोबाची आण तंतोतंत पाळली होती.

"अवं, हा ट्रे," ती गॅलरीतून ओरडली आणि ताटली उंच धरून दाखवली. "हा. असले पाच."

बाबासोंनी मान वर करून बघितलं. ताटलीकडे बघितलं, मग क्रेटकडे, मग परत ताटलीकडे. गल्लीतली चार माणसं पण बघायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं. बाबासोंचा चेहरा वरून नीट दिसत नव्हता, पण पुढं त्यांनी जे केलं ते सत्यभामाला अगदी नीट दिसलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली, आणि ती मानेमागं पाठीवर बसवली. ही लकब ती उभा जन्म बघत आली होती. आता माणूस ओझ्याखाली जाणार.

तिनं ताटली टाकली आणि जिन्याकडे धावली. गुडघे तिचेही काही नवे नव्हते. कठडा धरत, शिव्या देत, रणजीतला, उत्कर्षाला, मशीन करणाऱ्याला, सेल लावणाऱ्याला, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. अट हिनंच घातली होती. दावं बांधायला गेली आणि तेच नवऱ्याच्या गळ्यात अडकवून बसली. आज पाय जातो याचा, माझ्यामुळं जातो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

खाली पोचली तेव्हा बाबासो उकिडवे बसले होते. दोन्ही हात क्रेटच्या खाली घातलेले. पण क्रेट जमिनीवरच होता. उचलायचा प्रयत्न करून झाला होता का करायचाच होता, तिला कळेना. ती हात धरायला वाकली, तोंडातून शिवी बाहेर पडणार, एवढ्यात बाबासो खाली बघतच म्हणाले,

"झेपंना गं आता."

सत्यभामा थांबली.

"उचलू लाग जरा," बाबासो म्हणाले.

उचलू लाग. टोळीत हे दिवसातून शंभर वेळा म्हणतात. ओझं पाठीवर चढवायला दुसऱ्याचा हात लागतोच, त्यात कुणाला कमीपणा नसतो. पण तो शब्द मार्केटातला. घरी हा शब्द बाबासोंनी कधी आणला नव्हता. टाकी असो, पाण्याचं पिंप असो, तापानं फणफणलेला रणजीत असो, उचलू लाग म्हणून सत्यभामाला त्यांनी या जन्मात सांगितलं नव्हतं. हेच ऐकायला ती इतके महिने त्यांच्या मागं लागली होती. एकदा म्हणा, होत नाही म्हणा, माझी सुटका करा. आणि आता ऐकलं तर तिला वाटलं, नसतं म्हणाले तर बरं झालं असतं. भांडले असते, ओरडले असते, मीटर बघतोय म्हणाले असते तरी चाललं असतं. तिला रडू फुटलं आणि रडू फुटल्याचा परत संताप आला.

"सोडा ते," ती म्हणाली. "कुनी उचलायचं न्हाई. न मी, न तुमी. बसा हितं."

तिनं त्यांना पायरीवर बसवलं आणि केशरबाईंना हाक मारली. मग काय, बिल्डिंगभर हाळी गेली. बायका पातेली, पिशव्या, बादल्या घेऊन उतरल्या. आधी घेताना लाजल्या, मग लाजणं संपलं. एकीला पिकलेले नको होते, एकीला नुसते पिकलेलेच पाहिजे होते, आणि तिसरी फुकटात घेताना देठ का हिरवा नाही म्हणून विचारत होती. बाबासो पायरीवर बसून त्यांच्या पिशव्यांकडे बघत होते. एकदाच बोलले. एका बाईनं पिशवी काठोकाठ भरली तेव्हा म्हणाले, "एवडं नगं ताई, पाठ धरंल."

मशीन चाललं. चिरलं अर्थात सत्यभामानं. दिवसभर घूं घूं करत होतं, घरभर आंबटसा वास सुटला, आणि संध्याकाळी ताटल्यांवर टोमॅटोच्या कडक चकत्या राहिल्या, एका लहान डब्यात बसतील एवढ्या. रणजीतचा फोन आला, सगळं ऐकून आधी हसला, मग म्हणाला, "आई, परत पाठवू का? दहा दिवसांत परत घेतात."

"थांब जरा," सत्यभामा म्हणाली. का थांब म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबासो मार्केटला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पहाटे नेहमीच्या वेळेला उठायचे, तोंड धुवायचे, सदरा घालायचे, आणि खाटेवर बसायचे. मशीन लावलं असलं तर मशीनकडे बघायचे. भाकरी अर्धी. बोलणं परत हं आणि न्हाई. कंबर आता दुखत नव्हती म्हणे. सत्यभामा एकटीच बडबडत राहायची, भांडी आपटायची, मुद्दाम दूध उतू घालवायची, की हा माणूस काहीतरी बोलेल. छे. अकरा वाजायचे आणि ओट्यावर काहीच यायचं नाही. ओटा असा स्वच्छ की बघवेना.

चौथ्या दिवशी तिचा धीर संपला.

"मार्केटला न्हाई जायाचं?"

"काय करू जाऊन?"

"काय म्हंजी? मानसिंग हाय, टोळी हाय. चा प्या, गप्पा हाना."

"आन् येताना?"

"येताना काय?"

बाबासो म्हणाले, "त्ये देत्यात, सत्यभामा. घेऊन जावा म्हणत्यात. न्हाई कसं म्हनायचं? आन् घेतलं तर... घेतलं तर आता होत न्हाई."

असं आहे तर. सत्यभामा त्यांच्या शेजारी खाटेवर बसली. तिला आपल्या सासूबाई आठवल्या. गावाकडं कुणी मुंबईहून काही न आणता आला की सासूबाई दारातूनच विचारायच्या, हात हलवत आलास व्हय? त्यांच्याकडं याच्यापेक्षा मोठी शिवी नव्हती. त्या माउलीच्या पोटी जन्मलेला हा माणूस रिकाम्या हातानं उंबरा ओलांडायला शिकलाच नव्हता. कुणी शिकवलंच नव्हतं. आपणही नाही. आपणही लिंबांचंच कौतुक केलं.

"मी सांगते तसं करा," ती म्हणाली. "मार्केटला जावा. कुनी काय दिलं तर सांगा, बायकोनं न्हाई म्हनून सांगितलंय. माझं नाव घ्या खुशाल, माझी अब्रू काय जात न्हाई. आन् येताना हात हलवत या."

बाबासोंनी मान वर केली. "हात हलवत?"

"हां. हात हलवत."

ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, ही चेष्टा करतेय का भांडतेय ते कळेना म्हणून. मग उठले, चपला घातल्या आणि गेले.

सत्यभामानं दारावर विकत घेतलेल्या काकडीच्या चकत्या करून मशीनमध्ये लावल्या. दहानंतर तिचं लक्ष घड्याळातच होतं. फोन करून खात्री करायची इच्छा तिनं दाबून ठेवली. अकरा वाजले तशी ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. नाही म्हणता म्हणता घेतलं असणार काहीतरी, तिला पक्कं वाटत होतं. शब्दाचा पक्का असला तरी माणसाला भीड असते.

गल्लीच्या वळणावर बाबासो दिसले. खांद्याला पिशवी नव्हती. काखेत काही नव्हतं. पाऊल नेहमीसारखं एका बाजूला कललेलं नव्हतं, पण सरळही पडत नव्हतं. रिकामे हात कुठं ठेवायचे ते कळत नसल्यासारखं एकदा पाठीमागं बांधत होते, एकदा खिशात घालत होते, एकदा सोडून देत होते. इतक्या वर्षांत वजनाशिवाय हा माणूस कसा चालतो ते सत्यभामानं बघितलंच नव्हतं.

बिल्डिंगच्या दारात येऊन त्यांनी वर बघितलं. ती दिसली. मग भर गल्लीत, रिक्षावाल्यांच्या देखत, त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि हलवून दाखवले. पंजे पसरून, नीट दिसावेत म्हणून आधी पुढून, मग मागून.

सत्यभामानं पदरानं डोळे पुसले. "बास झालं आता, लोकं बगत्यात," ती वरून म्हणाली. "या वर. काकडी पालटायची हाय, मला एकटीला किती कामं लावताय."